मत्स्यालय चर्नी रोडलाच हवं

तारापोरवाला मत्स्यालय बंद झालं, इमारत धोकादायक ठरली, आणि तेव्हापासून मुंबईत एक मत जोर धरू लागलं आहे: आता मत्स्यालयाची गरजच उरलेली नाही. मुलांना मासे मोबाइलवर दिसतात. ज्यांना पोराबाळांना घेऊन मजा करायची ते खासगी पार्कमध्ये जातात. माशांना टाक्यांत कोंडणं तसंही क्रूरपणाचं आहे. मग मरीन ड्राइव्हवरची एवढी मोक्याची जागा अडकवून ठेवायची कशाला? बांधायचंच असेल तर कुठेतरी मोकळ्या जमिनीवर ‘आंतरराष्ट्रीय दर्जाचं’ काहीतरी बांधा.

हे म्हणणारी माणसं वाईट नाहीत. त्यांतली बरीच माझ्या ओळखीची आहेत. प्राण्यांविषयी त्यांना खरी कळकळ आहे, सरकारी कारभाराविषयीचा त्यांचा अविश्वासही अनुभवातून आलेला आहे. पण त्यांचं मत चुकीचं आहे, आणि ते असंच पसरत राहिलं तर मुंबईतल्या आणि मुंबईबाहेरच्या साध्या घरांच्या हातून समुद्रकाठचा एक दिवस कायमचा जाईल. म्हणून हा लेख.

मुळात हे मत्स्यालय कुणी बांधलं ते आठवून पाहू. 1951 साली राष्ट्रपती डॉ. राजेंद्र प्रसाद यांच्या हस्ते त्याचं उद्घाटन झालं. बांधकामाला तेव्हा सुमारे 8 लाख रुपये लागले, त्यांतले 2 लाख डी. बी. तारापोरवाला या पारशी दानशूरानं दिले. देश स्वतंत्र होऊन चार वर्षं झाली होती, फाळणीच्या निर्वासितांच्या छावण्या अजून उठल्या नव्हत्या, धान्य रेशनवर मिळत होतं. अशा दिवसांत एका राज्याला वाटलं की लोकांना समुद्रातले जीव बघायला मिळायला हवेत, आणि एका धनिकाला वाटलं की त्यासाठी आपण पैसे द्यावेत. मत्स्यालयाला जोडून सागरी जीवशास्त्राचं संशोधन केंद्रही होतं. म्हणजे लोकांना दाखवण्याचं आणि समुद्राचा अभ्यास करण्याचं काम एकाच ठिकाणी चालावं, अशी ती कल्पना होती. पैशांची खरी चणचण असताना ज्याची गरज वाटली, ते आज राज्य इतकं श्रीमंत असताना अनावश्यक कसं ठरतं, याचं उत्तर मला अजून कुणी दिलेलं नाही.

मोबाइलचा मुद्दा सगळ्यात जास्त ऐकू येतो, म्हणून तो आधी घेतो. वरळीला नेहरू तारांगण 1977 पासून आहे. ग्रहताऱ्यांची उत्तमोत्तम छायाचित्रं आज फुकट बघता येतात, म्हणून तारांगण पाडा असं कुणी म्हणत नाही. शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयातल्या मूर्तींची चित्रं पुस्तकांत असतात, म्हणून संग्रहालय बंद करा असंही कुणी म्हणत नाही. मग हा न्याय माशांनाच का? कारण तारांगण आणि संग्रहालय ही ज्ञानाची ठिकाणं मानली जातात आणि मत्स्यालय हा पोरांचा विरंगुळा समजला जातो. चूक इथून सुरू होते.

पडद्यावर मासा दिसतो तो कुणीतरी निवडून, कापून, संगीत चढवून दाखवलेला असतो. वामेचं उदाहरण घ्या. काचेमागे दगडाच्या कपारीतून तिचं डोकं बाहेर आलेलं असतं आणि जबडा सारखा उघडमीट करत असतो. चित्रफितीत या दृश्यावर हमखास भीतीदायक संगीत असतं, त्यामुळे पोरांना वाटतं ही चावायला येतेय. काचेसमोर पाच मिनिटं उभं राहिलं की कळतं, ती कुणाकडे बघतही नाही. तोंड उघडमिटून ती कल्ल्यांवरून पाणी खेळवत असते. ती श्वास घेतेय. पाच मिनिटं एकाच प्राण्यापुढे उभं राहणं मोबाइलवर होत नाही, बोट आपोआप पुढे सरकतं.

तसाच लेपा. बाजारात तो चपटा पडलेला असतो, घरी तळून खाल्ला जातो. पण तो वाळूत अंग हलवून हलवून स्वतःला कसा पुरून घेतो, आणि मग वाळूतून फक्त दोन डोळे, तेही डोक्याच्या एकाच बाजूला असलेले, कसे वर राहतात, हे पाहिल्यावर त्याचं ते चपटं अंग पहिल्यांदा समजतं. पिल्लू असताना त्याचे डोळे इतर माशांसारखे दोन बाजूंना असतात, वाढताना एक डोळा सरकत दुसऱ्या बाजूला येतो. हे शिकवायला विज्ञानाच्या शिक्षकाला अख्खा तास लागेल, आणि तरी निम्म्या वर्गाला खरं वाटणार नाही.

माझी आजी कोकणातली. जन्मभर मासळी निवडली, साफ केली, रांधली. मत्स्यालयात ती शेवंडीच्या टाकीपुढे आली आणि थांबलीच. शेवंड पायांच्या टोकांवर चालत होती, लांबलचक मिशा पुढे धरून काच चाचपत होती, मध्येच शेपटीचा एक फटका मारून झर्रकन मागे गेली. ‘अगो बाई, ही अशी चालते होय!’ आजी म्हणाली, आणि मग शेजारी उभ्या असलेल्या अनोळखी बाईला ती शेवंडीची माहिती देऊ लागली: कुठे सापडते, कुठल्या महिन्यात, मादी कशी ओळखायची. ती बाईही किनाऱ्यावरचीच निघाली, तिनं दोन गोष्टी दुरुस्त केल्या. आम्ही पोरं बाजूला उभी राहून ऐकत होतो. ज्ञानाची देवाणघेवाण म्हणतात ती याहून वेगळी काय असते? पडद्यासमोर आजीला बोलायला जागाच नसते.

आता खासगी पार्कांकडे येऊ. मला त्यांचा राग नाही. गोराईचं एस्सेलवर्ल्ड 1989 साली सुरू झालं आणि मुंबईच्या एका पिढीनं तिथल्या पाळण्यांत बसून जिवाच्या आकांतानं ओरडून घेतलं. खाडी ओलांडायच्या बोटीपासूनच सहल सुरू व्हायची. पुढे शेजारी वॉटर किंगडम आलं, 2013 मध्ये खोपोलीजवळ इमॅजिका आलं. लोक तिथे हौसेनं जातात, जावं. पण ‘ज्याला हवं तो तिकडे जाईल’ या वाक्यात ‘ज्याला हवं’ म्हणजे खरं तर ‘ज्याला परवडतं’ असं असतं.

हिशेब मांडून पाहू. 2015 मध्ये नूतनीकरण होऊन तारापोरवाला पुन्हा उघडलं तेव्हा मोठ्या माणसाचं तिकीट 60 रुपये आणि लहान मुलाचं 30 रुपये झालं. आईवडील आणि दोन मुलं म्हणजे 180 रुपये. विरारहून सेकंड क्लासनं चर्नी रोड, पूल उतरला की समोर मत्स्यालय. तिथून चालत गिरगाव चौपाटी, भेळ, मुलांना पाळण्याचा एक फेरा, वेळ आणि पायांत जोर असेल तर वर कमला नेहरू पार्कात म्हातारीचा बूट. घरून डबा आणलेला. एका दुकानात कामाला असलेला माणूस हा दिवस घरच्यांना देऊ शकत होता, आणि महिनाअखेरीला त्यासाठी कुणापुढे हात पसरावा लागत नव्हता. मोठ्या खासगी पार्कात एका माणसाचं तिकीटच हजाराच्या घरात जातं. चौघांचं तिकीट, गाडीखर्च आणि आतलं महागडं खाणं धरलं तर त्या माणसाच्या पगाराचा केवढा तरी भाग एका दिवसात संपतो. आणि खासगी धंद्याला शेवटी धंद्याचंच गणित असतं. एस्सेलवर्ल्डसुद्धा बंद झालं. मालकाला परवडेनासं झालं की पार्क बंद होतं, त्यात गैर काही नाही. म्हणून तर एखादी गोष्ट सार्वजनिक असावी लागते.

आणखी एक वर्ग या चर्चेत कुणाच्या लक्षातच येत नाही. जालना, परभणी, वाशीमच्या शाळांच्या सहली. एसटीच्या लाल गाड्या भरून रात्रभर प्रवास करून ही मुलं मुंबईला येतात. गेटवे, राणीची बाग, तारांगण, नेहरू विज्ञान केंद्र, म्हातारीचा बूट आणि मत्स्यालय, हा सहलीचा ठरलेला मार्ग असायचा. त्यातल्या पुष्कळांनी समुद्र कधी पाहिलेला नसतो. गावाकडे मासा म्हणजे तळ्यातला रोहू-कटला नाही तर पावसाळ्यात ओढ्यात सापडलेली मरळ. या मुलांच्या पालकांनी सहलीचे पैसे दोन हप्त्यांत भरलेले असतात. त्यांना ‘खासगी पार्कात जा’ म्हणून सांगणाऱ्यानं एकदा त्या लाल गाडीतून उतरणाऱ्या मुलांच्या पायांकडे बघावं.

क्रूरतेचा मुद्दा मात्र मी वरवर उडवून लावणार नाही, कारण या सगळ्या आक्षेपांत तोच खऱ्या वजनाचा आहे.

अमेरिकेतल्या सीवर्ल्डनं ऑर्का देवमाशांचे खेळ करून पैसा कमावला. 24 फेब्रुवारी 2010 रोजी ऑरलँडोला तिलिकम नावाच्या ऑर्कानं आपल्या प्रशिक्षक बाईंचा जीव घेतला. 2013 मध्ये ‘ब्लॅकफिश’ हा माहितीपट आला आणि जगानं पहिल्यांदा नीट ऐकलं की हा प्राणी समुद्रात दिवसाला कित्येक मैल पोहतो, आयुष्यभर आपल्या कुटुंबकबिल्याबरोबर राहतो, आणि त्याला लहानपणी पकडून एका हौदात आयुष्य काढायला लावलं जातं. लोकांनी पाठ फिरवली, तेव्हा 2016 मध्ये कंपनीला ऑर्कांची पैदास थांबवत असल्याचं जाहीर करावं लागलं. भारतानं त्याआधीच, 2013 मध्ये, डॉल्फिन पाळून त्यांचे खेळ करणाऱ्या केंद्रांना परवानगी देऊ नये असा निर्णय घेतला होता. तो निर्णय अगदी बरोबर आहे आणि या देशानं त्याचा अभिमान बाळगावा.

पण ऑर्कावरून शेवंडीवर उडी मारता येत नाही. कोळंबी, खेकडा, समुद्रफूल, लेपा, कपारीत राहणारी वाम, खडकाच्या एका भोकाभोवती सगळा जन्म काढणारे छोटे मासे, यांची गरज वेगळी आहे. त्यांना मैलोन्‌मैल पोहायचं नसतं. त्यांना हवी असते योग्य खारटपणाची, योग्य तापमानाची, स्वच्छ आणि प्राणवायू भरपूर असलेली जागा, लपायला कपार, आणि त्रास न देणारे शेजारी. हे देता येतं. आणि ज्या जातीला ते देता येत नाही ती जात ठेवू नये, एवढा साधा नियम पुरेसा आहे. डॉल्फिन नको, देवमासा नको, मोठ्या मुशी नकोत. समुद्री कासवं दाखवायची तर फक्त जखमी होऊन किनाऱ्याला लागलेली, उपचार चालू असलेली, बरी झाली की समुद्रात सोडायची. डहाणूला अशा कासवांवर उपचार करणारं केंद्र आहेच. काचेवर बडवणं, फ्लॅश मारणं, पाण्यात हात घालणं यांना सक्त मनाई आणि ती पाळून घेणारी माणसं हवीत. रजेच्या दिवशी दालनात एका वेळी किती लोक सोडायचे याला मर्यादा हवी. माशांनाही ताण येतो, ते आजारी पडतात, हे मान्य करूनच मत्स्यालय चालवायचं असतं. पाण्यातला अमोनिया खाऊन टाकणाऱ्या सूक्ष्म जीवांवर सगळा डोलारा उभा असतो, गाळणीतली त्यांची वसाहत मेली की दोन दिवसांत टाकी मरते. पावसाळ्यात किनाऱ्याजवळचं पाणी गढूळ होतं, त्याचा खारटपणा उतरतो, त्यामुळे आधीच पाणी साठवून ठेवावं लागतं. नवीन आणलेला मासा आधी वेगळा ठेवून मग टाकीत सोडायचा असतो. या सगळ्याला जाणकार माणसं, पगार आणि रोजची शिस्त लागते. क्रूरता बहुतेक वेळा इथे घडते, दुर्लक्षातून. तिच्यावरचा उपाय चांगलं मत्स्यालय हा आहे.

शिवाय क्रूरतेचा हिशेब करायचाच तर पुरा करावा. किनारी रस्त्यासाठी 2020 मध्ये हाजीअली आणि वरळीजवळचे प्रवाळ उचलून दुसरीकडे लावण्यात आले. प्रवाळांना आपल्या वन्यजीव कायद्यात वाघाइतकंच संरक्षण आहे. मुंबईच्या खडकांवर प्रवाळ आहेत हेच त्या दिवसापर्यंत किती मुंबईकरांना ठाऊक होतं? मरीन ड्राइव्हच्या समोर डॉल्फिन दिसतात, हाजीअलीच्या खडकांत आणि गिरगाव चौपाटीच्या ओहोटीतल्या वाळूत कितीतरी जीव राहतात. ‘मरीन लाइफ ऑफ मुंबई’ या उपक्रमातली तरुण मंडळी 2017 पासून ओहोटीच्या वेळी लोकांना ते दाखवत फिरतात. ही मंडळी मोलाचं काम करतात. पण ओहोटी कधी पहाटे असते, कधी भर कामाच्या वेळी, आणि खडकांवरून आजीला नेता येत नाही, तान्ह्या पोराला घेऊन जाता येत नाही. ज्या शहराला आपल्या पायाशी काय राहतं ते माहीतच नाही, ते शहर त्याच्यावर भराव टाकताना हळहळणार तरी कसं? टाकीतल्या चार माशांविषयी बोलणारी कळकळ भरावाखाली गेलेल्या जीवांसाठी उभी राहायची असेल, तर लोकांनी ते जीव आधी कुठेतरी पाहिलेले असायला हवेत.

आणि ताटातल्या माशाचं काय? 2023 मध्ये पापलेट हा महाराष्ट्राचा राज्यमासा ठरला. त्याच वर्षी राज्यानं 54 जातींसाठी किमान आकार ठरवून दिला, त्याहून लहान मासा पकडायचा नाही. कारण उघड आहे: अंडी घालायच्या आतच पिल्लं जाळ्यात येताहेत, बाजारात तळहाताएवढी पापलेटं ढिगानं विकली जाताहेत आणि आपणच ती स्वस्त मिळाली म्हणून आनंदानं घरी आणतो आहोत. हा नियम कोळ्यावर लादून भागणार नाही, गिऱ्हाइकानं तो पाळायला हवा. गिऱ्हाइकाला तो सांगणार कोण? शासनाचं परिपत्रक कुणी वाचत नाही. पण मत्स्यालयाच्या भिंतीवर माशांच्या पूर्ण आकाराच्या आकृत्या असल्या, आणि मुलानं आपला हात त्यांवर ठेवून बघितलं की ‘एवढ्याहून लहान घ्यायचा नाही’, तर तोच मुलगा रविवारी बाजारात आईचा हात धरून थांबवेल. 1 जून ते 31 जुलै मासेमारी का बंद असते, नारळी पौर्णिमेआधी समुद्रात काय चाललेलं असतं, हे सगळं तिथे दाखवता येतं. गुजरातच्या किनाऱ्यावर बहिरी देवमाशाची (व्हेल शार्कची) शिकार होत असे. कायद्यानं बंदी आलीच, पण लोकांपर्यंत जाऊन मोहीम चालवल्यावर तेच मच्छीमार स्वतःची जाळी कापून त्याला सोडायला लागले. बंदीचा कागद आधीपासून होता. फरक पडला तो लोकांना त्या प्राण्याविषयी आपुलकी वाटू लागल्यावर.

खुद्द पापलेट टाकीत ठेवणं अवघड आहे, फार नाजूक मासा. मला ते ठाऊक आहे. पण बांगडा, तारलीचा थवा, पाकट, जिताडा, खेकड्यांच्या नाना जाती, माकूल, कालवं, खाजणातला चिखल आणि त्यात उड्या मारणारे निवटे, एवढं तरी दाखवता येईल. जुन्या मत्स्यालयात नूतनीकरणानंतर 12 फुटांचा काचेसारखा आरपार बोगदा आला, आणि परदेशी शोभिवंत रंगीत मासेही बरेच आले. पोरांना ते आवडले. पण ज्या राज्याला सातशेहून अधिक किलोमीटर किनारा आहे, त्या राज्याच्या मत्स्यालयात ॲमेझॉनमधला मासा दिमाखात फिरतो आणि निवटा कुठेच दिसत नाही, हे मला तेव्हाही खटकलं होतं.

म्हणूनच ‘आंतरराष्ट्रीय दर्जा’ हे शब्द ऐकले की मी सावध होतो. त्यांचा अर्थ बहुतेक वेळा परदेशी प्राणी, प्रचंड इमारत आणि महाग तिकीट असा निघतो. राणीच्या बागेत 2016 मध्ये हम्बोल्ट पेंग्विन आले. पेरू आणि चिलीच्या किनाऱ्यावरचा हा पक्षी मुंबईत थंडगार केलेल्या दालनात ठेवावा लागतो. मला हा मार्ग पटत नाही. पण तिथली गर्दी पाहून एक गोष्ट मान्य करावी लागते: चार जणांच्या कुटुंबाला 100 रुपयांचं तिकीट ठेवल्यावर लोक रांगा लावून येतात. मत्स्यालय कुणाला हवं आहे, असं म्हणणाऱ्यांनी ती रांग पाहावी.

सिंधुदुर्गातल्या सी-वर्ल्डची कहाणी तर सगळ्यांना ठाऊक आहे. मालवण तालुक्यात तोंडवळी-वायंगणीला शेकडो एकर जमीन घेऊन जागतिक दर्जाचा प्रकल्प उभारायची घोषणा झाली, गावकऱ्यांनी जमिनी द्यायला विरोध केला, वर्षानुवर्षं नुसती भाषणं झाली. त्याच तालुक्याच्या समोरच्या समुद्रात 1987 पासून सागरी अभयारण्य आहे, प्रवाळ आहेत, तारकर्लीला लोक पाण्याखाली उतरून ते बघतात. खरा समुद्र दाराशी असताना त्याची प्रतिकृती करायला शेतकऱ्याची जमीन कशाला हवी होती?

जगाचंच उदाहरण हवं असेल तर कॅलिफोर्नियातल्या मॉन्टेरेचं घ्यावं. सार्डिन संपून बंद पडलेल्या एका कॅनिंग कारखान्याच्या जागेवर 1984 मध्ये तिथलं मत्स्यालय सुरू झालं. त्यांनी ठरवलं की आपण आपल्या उपसागरात जे आहे ते दाखवायचं. 28 फूट उंच टाकीत तिथल्याच समुद्रातलं केल्पचं जंगल वाढवलं, पाणी समोरच्या उपसागरातून घेतलं, 1999 पासून कुठला मासा खावा आणि कुठला टाळावा याची यादी लोकांना द्यायला सुरुवात केली. तिथलं तिकीट आपल्याला झेपणारं नाही, तो भाग सोडून द्यावा. घ्यायचा तो विचार: समोरचा समुद्र दाखवा.

राहिला जागेचा प्रश्न. मोक्याची जागा आहे, म्हणूनच तिथे मत्स्यालय हवं. ज्या मुलानं काचेमागे खेकडा पाहिला, त्याला बाहेर आल्यावर रस्त्यापलीकडे त्याच खेकड्याचं घर दिसायला हवं, भरतीचं पाणी टेट्रापॉडवर आपटताना बघायला हवं. शहराबाहेर, महामार्गाला लागून, गाडी असल्याशिवाय पोचता येणार नाही अशा ठिकाणी हे नेलं तर ते मत्स्यालय निम्म्या लोकांसाठी जन्मतःच बंद असेल. किनाऱ्यावरच्या महागड्या जमिनीवर राहण्याचा आणि जेवण्याचा हक्क पैसेवाल्यांना बाजारानं दिलेला आहेच. त्यातला एक तुकडा विरारच्या, कर्जतच्या, जालन्याच्या माणसासाठी सरकारनं राखून ठेवला, तर त्यात कुणाचं नुकसान नाही.

आणि जे लोक मत्स्यालयाची गरज नाही म्हणतात, त्यांतल्या कितीतरी जणांनी आपल्या मुलांना सिंगापूरचं आणि दुबईच्या मॉलमधलं मत्स्यालय दाखवलेलं आहे, त्यांची छायाचित्रं मी पाहिली आहेत. मुलं खूश होती, आईवडीलही खूश होते. त्यात काही चुकीचं केलं नाही त्यांनी. माझं मागणं एवढंच की जो आनंद त्यांनी आपल्या मुलांसाठी विमानाचं तिकीट काढून मिळवला, तो बाकीच्यांना लोकलचं तिकीट काढून मिळू द्या.

तारापोरवाला मत्स्यालय राज्याच्या मत्स्यव्यवसाय विभागाचं आहे. नवीन इमारतीविषयी निर्णय तिथेच व्हायचा आहे. ज्यांनी लहानपणी हे मत्स्यालय पाहिलं, ज्या शिक्षकांनी तिथे सहली नेल्या, त्यांनी विभागाच्या आयुक्तांना आणि आपापल्या आमदाराला एक साधं पत्र लिहावं. तीन मागण्या पुरेत: जागा चर्नी रोडचीच, टाक्यांत आधी आपल्या किनाऱ्यावरचे जीव, आणि चौघांच्या कुटुंबाचं तिकीट दोनशे रुपयांच्या आत.